तीन उशा

गनीचाचा, तुमच्या खाटेवर आज दुसरा माणूस आहे. खिडकीजवळची, पंख्याखालची, जिच्यासाठी तुम्ही माझ्याशी दोन महिने हुज्जत घातली होतीत, तीच खाट. पुरुषोत्तमनगरहून येणारे एक निवृत्त गुरुजी आहेत. काही विचारत नाहीत. मशीन सुरू केलं की डोळे मिटतात, चार तासांनी उघडतात, "येतो" म्हणतात आणि जातात. असे पेशंट मिळायला नशीब लागतं, असं मी पूर्वी म्हणायचे. आज ते चार तास मला खायला उठले.

तुम्ही गेलात त्याला नऊ दिवस झाले. रविवारी सकाळी, तुमच्या गाद्यांच्या दुकानात बसल्या बसल्या, सुई अर्धवट टाक्यात तशीच. डॉक्टर म्हणाले, "हृदय थांबलं, वैशाली. डायलिसिसच्या माणसाचं होतं असं कधीकधी. आपल्या हातात सगळं नसतं." मी मान हलवली. पण चाचा, मान हलवणं आणि पटणं यांत फार अंतर असतं. मला एकच गोष्ट हवी होती. शेवटच्या दिवसांत तुम्ही किती उशा घेऊन झोपत होता?

दुसऱ्या कुणाला वाटेल, या बाईचं डोकं फिरलं. माणूस गेला आणि ही उशा मोजते. तुम्हाला नाही वाटणार.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी माझं भाषण वाया गेलं होतं. किडनी काम करेनाशी झाली, लघवी जवळजवळ बंद झाली, की प्यायलेलं पाणी अंगातच साठतं. मशीनवर ते काढायचं. सगळं जादा पाणी काढल्यावर जे उरतं ते माणसाचं सुकं वजन. हे मी प्रत्येक नव्या पेशंटला समजावते. निम्म्यांना कळत नाही आणि उरलेले कळल्याचं दाखवतात. तुम्ही पायातली चप्पल काढून काट्यावर उभे राहिलात, खाली वाकून आकडा वाचलात आणि म्हणालात, "म्हंजे ओला कापूस! व्यापारी पानी मारी देतस ना, तसं. काटावर वजन भरस, पन कापूस तितलाच ऱ्हास."

मी म्हटलं, "हो चाचा. तसंच." पुढे बोलायला काही उरलंच नव्हतं.

तुम्ही पिंजारी. जन्म कापूस पिंजण्यात आणि गाद्या-उशा भरण्यात गेला. मी लहान असताना तुम्ही आमच्या गावी, रनाळ्याला यायचात, सायकलला पिंजण बांधून. आमच्या ओट्यावर तुमची ती तार घुमायला लागली की आम्ही पोरं शाळा बुडवायचो. तुम्ही मूठभर कापूस उचलून "पावशेर" म्हणायचात आणि आई मुद्दाम तागडीत घालून बघायची, तर बरोबर पावशेरच भरायचा. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्हाला रनाळं आठवलं, आई आठवली आणि मी अजिबात आठवले नाही. "इतल्या पोरी व्हत्यात," म्हणालात. मला जरा रागच आला.

आणि मग तुमचे प्रश्न सुरू झाले. आते मन्हं रगत कितलं भाईर शे? नळी लाल शे, मंग मशीन गरम का नही लागत? तहान कोठे लागस, नरडामा का डोकामा? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी घरी जाऊन पुस्तकात शोधलं. इतकी वर्षं लोकांना "पाणी कमी प्या" सांगत आले आणि तहान कुठे लागते ते मला धड माहीत नव्हतं. डोक्यात, असं येऊन सांगितलं तर तुम्ही खुशीत मांडी थोपटलीत. म्हणालात, डोक्यात लागते तर डोक्याला फसवता येईल. मग तुम्ही फसवायला लागलात. कापसाचा बोळा ओला करून जिभेवर फिरवायचा. लवंग चघळायची. बाटलीवर टाके घातल्यासारख्या रेघा मारून दिवसाचं पाणी वाटून ठेवायचं. शेजारच्या धान्याच्या दुकानातल्या काट्यावर रोज सकाळी उभं राहायचं. शेवभाजी खाल्ली की दुसऱ्या दिवशी वजन सव्वा किलोनं वर, न खाल्ली तर अर्ध्यानं. हा शोध तुम्ही मला असा सांगितलात, जणू शेवेत मीठ असतं हे जगात आधी कुणाला माहीतच नव्हतं. कच्चा तांदूळ आणि शिजलेला भात तोलून भातानं किती पाणी प्यायलं तेही काढलंत. जैतूनचाची वैतागल्या होत्या. मला म्हणाल्या, "बेटी, याले काही काम सांग. मन्हा पातेला तोली ऱ्हायना."

तुम्ही स्वतःची नडगी दाबून बघायचात. अंगठा रोवायचा, मोजून पाच टाक्यांचा वेळ थांबायचं, उचलायचा. "गादी दाबी का वर येवाले जोयजे," तुम्ही म्हणायचात. "हाई गादी वर येत नही, बेटी. आज पानी जास्ती शे." आणि बहुतेक वेळा काट्यावर ते तसंच निघायचं. तुमच्या अंगठ्याला कळायचं. मला ते आवडायचं आणि थोडं खुपायचंही. मी शिकलेली नर्स. माझ्याकडे आकडे दाखवणारा काटा. आणि हा माणूस अंगठ्यानं सांगतो.

एके दिवशी मी फटकन बोलले. "चाचा, अंदाज दुकानात. इथं काटा." तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि "बरं" म्हणालात. एवढं लगेच ऐकाल असं मला वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून अंगठा बंद.

माझा काटा मग तुम्ही डोक्यावर घेतलात. तुमचं सुकं वजन बासष्ट किलो ठरलेलं. दर वेळी मशीनवरून उतरलात की बासष्ट. आठवडे गेले, महिने गेले, बासष्टच. मी टाळ्या वाजवायचे. दुसऱ्या पेशंटना सांगायचे, "गनीचाचांकडे बघा जरा!" लोक तुम्हाला बासष्टचाचा म्हणायला लागले आणि तुम्ही टोपी नीट करून ऐटीत बसायचात. जेवण कसं चाललंय विचारलं की म्हणायचात, "तू सांगं तसं." हे उत्तर मला इतकं गोड लागायचं की पुढचा प्रश्न मी कधी विचारलाच नाही.

पुढचा प्रश्न विचारला असता तर कळलं असतं, की दुकानातल्या भिंतीला तुम्ही पथ्याचा जो कागद चिकटवला होता तो डायलिसिस सुरू होण्याच्या आधीचा होता. डाळ कमी, अंडं बंद, मटण बंद. मशीन सुरू झाल्यावर उलट हवं असतं. अंगात मांस टिकायला अंडं हवं, डाळ हवी. कुणीतरी तो कागद फाडायला हवा होता. ते कुणीतरी म्हणजे मी. तुम्ही तो कागद तंतोतंत पाळत राहिलात. मांस गेलं आणि त्याची जागा पाण्यानं घेतली. काट्याला काय, त्याला दोन्ही सारखंच.

हिवाळा आला. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळायला पसरली आणि सगळं गाव खोकायला लागलं. तुम्हीही खोकत होता. "ठसका शे," म्हणालात. मीही खोकत होते. संशय घेणार तरी कुणाचा?

महिन्याच्या फॉर्मवर एक प्रश्न असतो. झोपताना किती उशा घेता? फुप्फुसात पाणी भरायला लागलं की माणसाला आडवं पडवत नाही, श्वास कोंडतो, मग तो एकावर एक उशा रचतो. म्हणून उशा वाढल्या की आम्ही कान टवकारायचे असतात. हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते. तुम्हालाही विचारला.

"तीन," तुम्ही म्हणालात. आणि माझ्याकडे बघून डोळा बारीक केलात. "पिंजारीनं घर शे, बेटी. उशास्ले काय तोटा!"

मी हसले. खळखळून हसले, चाचा. शेजारच्या खाटेवरचा पेशंटही हसला. हसता हसता मी फॉर्मवर तीन लिहिलं. त्याच्यापुढे "डॉक्टरांना कळवलं का" अशी चौकट असते. ती कोरी सोडली. एखाद्या शिक्षकानं, शेतकऱ्यानं, रिक्षावाल्यानं तीन म्हटलं असतं तर मी खुर्ची ओढून बसले असते. तुम्ही उशा करणारे होता म्हणून मला त्या उशा दिसल्याच नाहीत.

पुढच्याच रविवारी, दुपारचं जेवून लवंडलात आणि उठून बसलात ते श्वासासाठी. चाचींनी रिक्षात घालून आणलं. ओठ काळेनिळे. सुटीच्या दिवशी मशीन चालू केलं. डॉक्टरांनी तुमची नडगी दाबली, तिथे बोटाचा खड्डा तसाच राहिला. त्यांनी वजन विचारलं. मी म्हटलं, "बासष्टच्या आसपास, नेहमीसारखं." ते म्हणाले, "त्यात माणूस किती आणि पाणी किती?" चार-पाच वेळा मशीनवर घेऊन, हळूहळू, तुमचं खरं सुकं वजन सापडलं. साडेसत्तावन्न. साडेचार किलो पाणी तुम्ही अंगावर वागवत होता आणि मी टाळ्या वाजवत होते.

मला वाटलं, आता तुम्ही बोलाल. निदान चाची तरी बोलतील. तिसऱ्या दिवशी ऑक्सिजनची नळी नाकात असताना तुम्ही मला जवळ बोलावलंत. मी मनातल्या मनात माफी जुळवत आले. तर तुम्ही म्हणालात, "बेटी, काटा खोटं नही बोलना. आपुन त्याले इचारंच नही, का यामा कापूस कितला." तुमचे डोळे चमकत होते. एखादं कुलूप उघडलं की माणूस दिसतो ना, तसे दिसत होता. मी "चाचा, त्या उशा..." म्हणून सुरुवात केली. तुम्ही हात वर केलात. "ते ऱ्हाऊ दे. पहिले हाई सांग, मन्हं मांस गयं कोठे?"

मग कागदाचं निघालं. चाचींकडून तो मागवून घेतलात आणि माझ्या हातानं त्यावर काट मारायला लावलीत. वर चाचींना फर्मान, "रोज दोन अंडा!" कितीचा पांढरा भाग, कितीचा पिवळा, यावर डॉक्टरांशी वाद घातलात ते वेगळंच. माझी माफी तशीच राहून गेली. नंतर प्रत्येक वेळी वाटायचं, आज बोलू. पण तुमच्याकडे दर वेळी एखादा नवा प्रश्न असायचा.

घरी गेलात आणि आठवड्याभरात दोन कापडी पिशव्या घेऊन आलात. बाहेरच्या बाकावर पेशंट आणि त्यांची माणसं बसलेली. तुम्ही दोन्ही पिशव्या तोलून दाखवल्यात, वजन अगदी सारखं. एकीत ठासून कोरडा कापूस. दुसरीत निम्मा कापूस, तोही ओला. सातपुड्यातून आलेली एक बाई होती, फक्त पावरी बोलणारी. आमच्यातल्या कुणालाच तिच्याशी धड बोलता यायचं नाही. तुम्ही दोन्ही पिशव्या तिच्या हातात दिल्यात, मग दाबायला लावल्यात, मग तिच्या नवऱ्याची नडगी दाबायला लावलीत. ती बाई आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली. तिला कळलं, हे आम्हा सगळ्यांना कळलं. तेव्हापासून ती नवऱ्याला काट्यावर चढवायच्या आधी खाली बसते आणि त्याचा पाय दाबते. परवाही बसली होती.

आणि "कितल्या उशा?" हा तर तुम्ही रामराम करून टाकलात. आत येणाऱ्या प्रत्येकाला तुमची हीच आरोळी. लोक आधी हसायचे, मग खरं सांगायचे. एका तरुण मुलानं दोन म्हणताच तुम्ही मला हाक मारलीत, "बेटी, हासू नको, लिही ले!" मी लिहिलं. कळवलं. तो मुलगा आज बरा आहे.

त्याच सुमारास तुम्ही चार छोट्या उशा शिवून आणल्यात. निळ्या पट्ट्यांचं कापड, काठाला बारीक टाके. सुई लावलेला हात चार तास ठेवायला. "कापूस जुना शे, पन पिंजेल शे," म्हणालात. मी म्हटलं, "चाचा, दवाखान्याला जुना कापूस? नवा नाही मिळाला?" तुम्ही नुसते हसलात. मी त्यांना रेक्झिनची कव्हरं घातली, जंतू नकोत म्हणून. त्यावरून तुम्ही आठवडाभर तोंड वाकडं केलं होतंत. कापसाला घाम येतो म्हणे.

आपला एक वाद अजून अर्धाच आहे. रोज्याचा, गेल्या रमजानमधला. दिवसभर पाणी बंद, म्हणजे अंगात पाणी साठणारच नाही, मग नुकसान कसलं, हे तुमचं म्हणणं. डॉक्टर नको म्हणाले. मौलानांनीही सांगितलं, आजारी माणसावर सक्ती नाही. पण तुम्हाला सूट नको होती, उत्तर हवं होतं. "मी फर्जनं नही इचारी ऱ्हायनू, फायदानं इचारी ऱ्हायनू!" मी म्हटलं, संध्याकाळी खजूर आणि सरबतावर तुटून पडाल त्याचं काय? पोटॅशियम वाढलं तर हृदयालाच धोका. तुम्ही म्हणालात, पुढच्या रमजानमध्ये रोजा न धरता, नुसतं कागदावर सगळं मांडून बघू. चाचा, मी तो कागद आखून ठेवलाय. आता त्यात काय भरू?

त्या ऑक्सिजनच्या दिवसांनंतर दीड वर्ष दर महिन्याला मी तुम्हाला उशांचं विचारत राहिले, दोन-दोनदा. तुम्ही दर वेळी "एक" म्हणायचात. "खरं?" "खरं." मी लिहायचे. नडगी कोरडी असायची, छाती साफ असायची. तुम्ही गेलात त्याच्या दोन दिवस आधीही तुम्ही एक म्हणालात आणि मी एक लिहिलं. पण तुम्ही गेलात आणि ते एक मला टोचायला लागलं. तुम्हाला माझा चेहरा वाचता यायचा. मला अपराधी वाटतं हे तुम्ही जाणलं असणार. मग मला बरं वाटावं म्हणून तर एक म्हणत नव्हता ना? घरी दोन झाल्या असतील, तीन झाल्या असतील आणि पुन्हा एकदा मला दिसल्या नसतील तर?

आठ रात्री मी हेच घोकत होते. काल सकाळी ड्युटी नव्हती, सरळ तुमच्या घरी गेले. चाची इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर चार महिने घराबाहेर पडायचं नसतं, आतल्या खोलीत बसल्या होत्या. मला बघून आधी रडल्या, मग मी जेवले का ते विचारलं. मी काहीबाही बोलत राहिले. शेवटी धीर करून विचारलं, "चाची, राग मानू नका. शेवटी शेवटी चाचा किती उशा घेत होते?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की हा काय प्रश्न.

"एक," त्या म्हणाल्या. "दुसरी व्हती कोठे घरमा?"

मला कळेना. पिंजाऱ्याच्या घरात दुसरी उशी नाही?

"त्या येळले दवाखानामाईन उनात ना, तवयच दोन उशा उसवी टाक्यात. मी म्हनं, पाव्हना उना ते काय देवो? तर म्हने, तीनमातल्या दोन वैशालीन्या शेतस. तिन्या तिले दी टाकू. ती बठ्ठा पेशंटस्न्या उशा मोजस, तिना डोयासमोर ऱ्हावाले जोयजे." चाचींनी पदरानं डोळे पुसले. "त्याच कापूसन्या चार ल्हान उशा कयात. तुले सांगं नही का त्यासनी?"

नाही सांगितलं, चाचा. मी जुन्या कापसावरून तुमची थट्टा केली आणि तुम्ही हसलात.

म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं. मी हसले होते ते, ती कोरी चौकट, माझ्या तोंडातच राहिलेली माफी. ज्या दोन उशा मी बघितल्या नाहीत, त्या तुम्ही उसवून, पिंजून, पुन्हा शिवून माझ्या समोर आणून ठेवल्यात. दीड वर्ष माझे पेशंट त्यांच्यावर हात ठेवून पडतात आणि मी त्यांना रेक्झिन चढवून धूळ झटकते. तुमचा राग असा असेल तर गनीचाचा, मला तो आयुष्यभर चालेल. मला तुमची फार आठवण येते. हे तुम्ही असताना सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत, आठवण कोठे येस, डोकामा का छातीमा?

आज कव्हरं धुवायचा दिवस होता. चारही उशा उघड्या केल्या. एकीवर अंगठा रोवला, पाच टाके थांबले, उचलला. कापूस हळूहळू वर आला.

मग खिडकीजवळच्या खाटेशी गेले. गुरुजींचे चार तास संपत आले होते. सुई काढायच्या आधी मी त्यांना हलकेच हलवलं आणि विचारलं, "गुरुजी, झोपताना किती उशा घेता?"

"दोन," ते डोळे न उघडताच म्हणाले. "मान दुखते ना. मास्तरकीनं दिलेलं बक्षीस." आणि स्वतःच्याच विनोदावर थोडं हसले.

मी हसले नाही. स्टूल ओढून बसले, त्यांच्या पायावरची चादर बाजूला केली आणि विचारलं, "कधीपासून?"